सुतळीचा खण

साऱ्या गल्लीत त्यांना फोरमन म्हणत. कारखाना सुटला तरी नाव काही सुटलं नव्हतं. बायकोसुद्धा चिडली की "अहो फोरमन" अशीच हाक मारायची.

म्हणूनच धाकट्या लेकीनं, ठमीनं, मागच्या खोलीत धातू कातायचं छोटंसं लेथ यंत्र आणून बसवलं तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. एरवी लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणारी ही पोर आता हौसेनं धातूकाम शिकणार होती.

"पहिलं काय, बाबा?"

"पहिलं, बाह्या वर. दुसरं, धातू पकडणाऱ्या चकची चावी लगेच जागेवर. चकमध्ये विसरलीस आणि यंत्र सुरू केलंस, तर ती सुटेल गोफणीतल्या धोंड्यासारखी."

फोरमनच्या कपाटाच्या एका खणाची मूठ केव्हाच तुटली होती. तिथे सुतळी बांधलेली होती. शिकायचं ते पितळेची मूठ करूनच, असं ठमीनं ठरवलं.

"तुमच्यासाठी मीच करणार. हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई!"

पण जित्याची खोड. ठमी चाक फिरवू लागली की यांचं सुरू. "हळू... अगं हळू... थांब, आण इकडे." की चाक यांच्या हातात.

"घास तिचा आणि चावताय तुम्ही," दारातून बायको म्हणाली. "तिचं पोट कसं भरायचं, फोरमन?"

पहिली मूठ फारच बारीक झाली, दुसरी वाकडी. तिसरी मात्र जमली. अंगभर गोल गोल रेघा होत्या तिच्या, पण मूठ होती. ठमी नाचतच हात धुवायला गेली.

फोरमनच्या डोळ्यांत त्या रेघा कुसळासारख्या सलू लागल्या. एवढ्या घालवू, पोरीला बरं वाटेल, असं म्हणत त्यांनी यंत्र सुरू केलं. अगदी हलका एक काप घेतला, वर पॉलिशचा कागद फिरवला. मूठ आरशासारखी झाली.

ठमी परत आली. मूठ उजेडात धरून तिनं फिरवून फिरवून पाहिली.

"रेघा कुठे गेल्या?"

"तुझीच आहे गं ती. मी आपला नुसता हात फिरवला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं सरळ मूठ खणाला लावली, स्क्रू आवळला.

"घ्या. तुमची मूठ."

तेव्हापासून मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आत मोबाइलवर कुणी परका माणूस तिला शिकवायचा. फोरमन बाहेर कान देऊन बसायचे.

एका दुपारी यंत्र किंचाळायला लागलं. कापायचं टूल फार बाहेर काढलंय, म्हणून थरथरतंय, हे त्यांना पलंगावरच कळलं. ते दाराशी गेले. हात उचलला, तोच आवाज थांबला. आत पाना खणकला. पुन्हा यंत्र सुरू झालं, आणि आता टूल लोण्यातून सुरी जावी तसं चालू लागलं.

तिचं तिनंच शोधलं होतं. शाबास म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तसेच मागे फिरले. कुठल्या तोंडानं म्हणणार?

खणातला चष्मा घ्यायला ते वाकले. मुठीत त्यांचाच चेहरा दिसला, फुगलेला. त्यांनी स्क्रू काढला, मूठ बाजूला ठेवली आणि पुन्हा सुतळी बांधली.

संध्याकाळी चहा घेऊन आलेली ठमी सुतळीकडे बघत राहिली.

"मूठ काय झाली?"

"ती माझी होती. मला तुझी हवी होती गं. रेघांची."

"ती आता कुठून आणू, बाबा?"

"दुसरी करशील?"

"बघू," ती म्हणाली आणि त्यांचा चहा संपल्यावर रिकामा कप उचलून गेली.

मागच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. फोरमन सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत बसले.