गुंड्याला सांग

नवराबायकोनं भांडावं, त्याला कुणाची ना नाही. दोन भांडी एका फळीवर ठेवली की लागतातच एकमेकांना. पण भांडायचं एकमेकांशी आणि तोंड सोडायचं कुत्र्यावर, ही तऱ्हा त्या एकाच घरात पाहायला मिळाली.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात नवरा फोटोंच्या फ्रेमा करायचा, मागच्या खोलीत बायको मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. मधे अरुंद बोळ, आणि त्या बोळात पोत्यावर गुंड्या. पिल्लू असताना त्यानं तिच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या गुंड्या चावून भुगा केल्या, म्हणून हे नाव. तेव्हा दोघंही हसले होते. तेव्हा हसायची पद्धत होती त्या घरात.

बोलणं बंद झालं ते पडदेवालीच्या आईवरून. म्हातारी आजारी होती आणि तिला इथे आणू या म्हणून ही नवऱ्याच्या मागे लागली होती. नवरा म्हणाला, "जागा कुठाय?" म्हातारी मुलाच्या घरीच वारली, शेवटपर्यंत लेकीची वाट बघत. त्यावर या शहाण्यानं काय करावं? दोन शब्द मायेचे बोलायचे सोडून सासूच्या फोटोला सोनेरी काठाची फ्रेम करून आणली.

"जिवंतपणी जागा नव्हती. भिंतीवर बरी झाली," ती म्हणाली.

नवऱ्याशी ती सरळ बोलली ते शेवटचं. त्याला तीन वर्षं होऊन गेली.

पण एका छपराखाली राहायचं म्हटलं की गॅस संपतो, पाणी जातं, पाहुणे टपकतात. तोंडात मिठाची गुळणी धरून संसार होत नाही. मग गुंड्याला कामाला लावलं.

"गुंड्या, सांग त्यांना, जेवण झाकून ठेवलंय. गिळायचं तर गिळा म्हणावं."

"गुंड्या, सांग तिला, इथले टोमणे खाऊनच पोट भरलंय माझं."

लेकी बोले सुने लागे, म्हणतात. पण तिथे निदान लेक माणूस असते, नेम आपल्यावर नाही हे तिला कळतं. कुत्र्याला कुठलं कळायला? त्याला एवढंच कळायचं की आपलं नाव निघालं की मागोमाग काहीतरी कडू येतं. बरं, हुकूम तरी एकाचा असावा! ह्यानं "गुंड्या, इकडे ये" म्हटलं रे म्हटलं की तिनं आतून "गुंड्या, बस खाली!" म्हणायचंच. गुंड्या बोळाच्या मध्यावर एक पाय उचलून उभा. आपण ऐकायचं कुणाचं, हे त्याला त्या घरात कुणी कधी ठरवूनच दिलं नाही. तो पुढचा पंजा चाटायला लागला, चाटून चाटून लालबुंद केला. खाणं तुटलं. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं आवाज चढवला की तो भुंकून गल्ली गोळा करायचा. आणि फ्रेमवाला तणतणत आत आला की ओठ वर करून गुरगुरायचा.

ते गुरगुरणं ऐकून पडदेवालीला काय गारगार वाटायचं! खोटं कशाला बोला, तेवढ्यासाठी ती त्याला मुद्दाम जवळ घ्यायची. "जनावराला माणूस बरोबर कळतं," असं शेजारणीला सांगायची. कधी ती रागानं पातेलं आपटायची तेव्हा तो तिच्यावरही गुरगुरायचा, पण ते ती सांगायची नाही. या घरात आपल्या बाजूनं एक जीव आहे, एवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

अशात लेक सुट्टी काढून माहेरी आली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, येणंजाणं तासा-दोन तासांचं, त्यामुळे हा सगळा तमाशा तिनं नीट बसून असा पाहिलाच नव्हता. आल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. मग एका दुपारी आईला हाताला धरून बोळात घेऊन गेली.

"आई, बघ हं."

तिनं जिभेनं टकटक आवाज केला. गुंड्यानं मान वर केली, शेपटी पोत्यावर दोनदा आपटली. मग तिनं अगदी सहज म्हटलं, "गुंड्या." त्याबरोबर कान मागे, शेपटी पायांत, आणि सगळं अंग भिंतीत शिरायला बघतंय.

"तुझ्या बाबांना घाबरतो तो," आई लगेच म्हणाली.

"नाव मी घेतलं, आई. बाबा इथे आहेत कुठे?"

आईनं पदराशी चाळा केला. लेक मोठ्यानं म्हणाली, दुकानात ऐकू जाईल असं, "एक तर तुम्ही दोघं आता एकमेकांशी बोला, नाहीतर मी ह्याला घेऊन जाते. वेड लागेल त्याला."

दुकानातून आवाज आला, "गुंड्या, सांग तुझ्या ताईला, बोलणं मी नव्हतं बंद केलं."

"गुंड्या, म्हणावं, माझी जीभ झडली तरी चालेल, आधी मी बोलायची नाही!"

लेकीनं कपाळावर हात मारला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा! ठरलं. रविवारी हा माझ्याबरोबर येतोय."

"अगं, पण हा गेल्यावर मी बोलू कोणाशी?"

"बाबांशी बोल."

त्यावर आई मशीनवर जाऊन बसली. मनात मात्र तिनं पक्कं धरलं होतं. नेऊन तर बघू दे. माझ्याशिवाय राहायचा नाही तो. गाडीत बसवला तर उडी मारून येईल, आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत येईल.

रविवारी दुकानासमोर गाडी उभी राहिली. लेकीनं गुंड्याचा पट्टा धरला आणि जिभेनं टकटक करत निघाली. तो निघाला की हो! पायरी उतरला, टायर हुंगला, शेपटीसुद्धा हलली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पडदेवालीच्या काळजात चर्र झालं. दारात नवरा काच पुसायचं फडकं घेऊन उभा होता, आणि तो आपल्याला मनातून हसतोय असं तिला वाटलं. जीव तुटत होता आणि नाकही जात होतं. ती पायरी उतरून पुढे आली आणि सगळी माया गळ्यात आणून तिनं हाक मारली,

"गुंड्या! माझ्या सोन्या, एकदा बघ तरी माझ्याकडे!"

गुंड्या पाठीत रट्टा बसल्यासारखा दचकला. त्यानं मागे हिसका दिला. इतका रोडावला होता की पट्टा डोक्यावरून सुटून लेकीच्या हातात राहिला आणि तो पळत सुटला.

"गुंड्या, थांब!" नवरा ओरडला. तो दुप्पट जोरात पळाला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

"नाव घेऊ नका त्याचं!" लेक किंचाळली. "दोघांनीही तोंड उघडायचं नाही!"

मुक्यानं कुत्रा शोधायचा म्हणजे काय, ते त्या दोघांना विचारा. लेक गाडीतून आणि ही दोघं पायी, अशी तिघं गल्ल्या धुंडाळत सुटली. एका गॅरेजवाल्यानं विचारलं, "काय हरवलं?" कुत्रा म्हटल्यावर तो म्हणाला, "अहो, मग हाका मारा की! नाव नाही का ठेवलं?" नवराबायकोनं खाली माना घातल्या आणि पुढे चालायला लागली.

एका गोदामामागे उभ्या ट्रकखाली तो पडदेवालीला दिसला. धापा टाकत होता. ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली, काही न बोलता हात पुढे केला. गुंड्या आणखी आत सरकला, ओठ वर केले आणि तिच्याकडे बघून गुरगुरला. नवरा तिच्या मागेच उभा होता. त्यानं ते पाहिलं. पण त्याच्याही तोंडावर हसू नव्हतं.

लेक गाडी कोपऱ्यावर उभी करून मागून आली. "आई, ऊठ. तुम्ही दोघं त्या भिंतीआड जा. तुम्ही दिसताय तोवर तो बाहेर यायचा नाही."

पोटची पोर सांगते म्हटल्यावर काय करणार? दोघं गेली. गोदामाची भिंत तोकडी, म्हणून एकमेकांना खेटून उभं राहावं लागलं. पलीकडून टकटक ऐकू येत राहिली. बऱ्याच वेळानं पडदेवालीनं कडेनं हळूच डोकावलं. गुंड्या पोटावर सरपटत बाहेर आला होता. त्यानं लेकीच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि त्याची शेपटी मातीत आपटत होती. लेकीनं त्याला उचलून घेतलं आणि त्यांच्याकडे न बघता ती गाडीकडे गेली. दार लागल्याचा आवाज आला, मग गाडी गेल्याचा.

"बरं झालं," पडदेवाली म्हणाली. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून, सरळ त्याला म्हणाली. आणि तिथेच भिंतीला टेकून बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

नवरा तसाच उभा. त्यानं तोंड उघडलं, सवयीनं पायाशी बघितलं, पुन्हा मिटलं. तिला काय म्हणावं ते त्याला सुचेना, आणि सांगायला मधे कुणी नव्हतं.