कुंदाची अनामत

क्रूझच्या बुकिंगसाठी अनामत म्हणून कंपनीने माझ्या बायकोचं वजन ठेवून घेतलं. साताऱ्यात बसस्टँडजवळच्या हॉलमध्ये सहलींचं प्रदर्शन भरलं होतं, तिथली गोष्ट. कुंदा वजनकाट्यावर उभी राहिली, काउंटरवरच्या मुलीने एक पितळी मूठ फिरवली, काटा शून्यावर आला आणि कुंदाच्या चपला जमिनीपासून वीतभर वर उचलल्या गेल्या.

"झालं, काकू. उतरा आता," मुलगी म्हणाली. तिच्या बिल्ल्यावर 'दिघे' असं आडनाव होतं.

"उतरू कशी, बाई?" कुंदा म्हणाली आणि हसत सुटली.

मी नियम विचारले. नियम विचारल्याशिवाय मी दुधाची पिशवीसुद्धा घेत नाही, आणि त्यावरून कुंदा मला आयुष्यभर चिडवत आली आहे. दिघेने न कंटाळता सगळं सांगितलं. अनामत पुढच्या कुठल्याही जहाजाला चालते. जहाज आत्ताच ठरवायला नको, तारीखही नको. तारीख ठरवली तरी हवी तितक्यांदा पुढे ढकलता येते. दोघांच्या केबिनला एकाचीच अनामत पुरते. प्रवास सुरू होईपर्यंत कधीही यावं, वजन जसंच्या तसं परत मिळतं.

"आणि सुरू झाल्यावर?"

"मग नाही, काका. मग ते जहाजाचं."

मला हे सोयीचं वाटलं. कुंदाला एकदा तरी काठ नसलेलं पाणी बघायचं होतं. कोयनेचं धरण दाखवलं तर म्हणाली, पलीकडे डोंगर दिसतोय. गणपतीपुळ्याला नेलं तर म्हणाली, आपण काठावरच उभे आहोत की. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे मला वादही घालता आला नाही.

रिक्षातून घरी आणताना मी तिचा पदर माझ्या मनगटाला बांधला. घरी आल्यावर भाजी निवडताना ती मांडीवर वरवंटा घेऊन बसायची, आणि झोपताना आम्ही तिच्यावर जाड गादी घालायचो. एरवी तिची मजाच होती. माळ्यावरची भांडी तिने स्टुलाशिवाय काढली. छताला पाठ लावून पंख्याची पाती पुसली आणि वरून मला म्हणाली, "दर दिवाळीला सांगून थकले तुम्हाला. आता बसा खालीच, पेपर वाचत." मी पेपर बाजूला ठेवून तिच्याकडेच बघत बसलो होतो.

मग मी प्रस्थान ठेवलं.

प्रवासाला चांगला दिवस असावा, असं मला वाटतं. कॅलेंडरमध्ये तसा बुधवार होता, पण आमचं जहाजच ठरलेलं नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. आपला एखादा कपडा घ्यायचा, त्यात मूठभर तांदूळ आणि सुपारी बांधायची आणि मुहूर्तावर ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. मग माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात, आणि तो सवडीने जातो. गाठोडं मात्र परत घरात आणायचं नसतं, ते जाताना सोबत न्यायचं. मी कुंदाची निळी साडी घेतली. माझा सदराही त्यात बांधायचा होता, पण तो इस्त्रीला गेला होता. एका घरातून एक गाठोडं पुरे, असं म्हणून मी ते समोरच्या घाटपांडेवहिनींच्या टेबलावर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, आमचं स्वयंपाकघर कलतंय हो. नळाला खारं पाणी येतंय, डाळ शिजत नाही."

मी जाऊन बघितलं. त्यांच्या खिडक्या जहाजासारख्या गोल झाल्या होत्या. टेबलावरचं गाठोडं मी उचलून बघितलं तर जेमतेम उचललं गेलं. ते बरोबर कुंदाच्या वजनाचं झालं होतं. ते वजन मला ओळखता येतं, कारण मागे तिचा पाय मोडला होता तेव्हा मी तिला जिन्यावरून उचलून आणलं होतं.

परत आलो तर कुंदा दाराशी तरंगत होती. मांडीवरचा वरवंटाही तिच्यासोबत वर गेला होता. आमच्या दारातून घाटपांड्यांची पाटी वाचता यायची, ती आता दिसत नव्हती. मधला पॅसेज लांब झाला होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी पांढरा कठडा आला होता.

मी प्रदर्शनाच्या हॉलवर गेलो. हॉल अरुंद होऊन आता फक्त काउंटरएवढा उरला होता. दिघे तिथेच होती.

"प्रस्थान ठेवलंत ना, काका? म्हणजे प्रवास सुरू झाला."

"अगं, ती आमची घरगुती पद्धत आहे."

"आम्ही सगळ्यांच्या पद्धती धरतो."

"वरवंटापण वर जातोय."

"घरातलं काहीही अंगावर ठेवलं, बांधलं, की ते सामान झालं. सामान जहाजाचं."

"तारीख पुढे ढकल मग. हवी तितक्यांदा ढकलता येते, असं तूच म्हणालीस."

"सुरू झालेला प्रवास कसा ढकलणार?"

"बरं, माझं वजन घे. मीही जातो."

"घेते की. पण ते पुढच्या जहाजाला लागेल. या गाठोड्यात तुमचा कपडा नव्हता."

"इस्त्रीला होता."

"हो," ती म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. तिने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि बाटलीतलं पाणी दिलं.

"ती परत कधी येईल?"

"परतीची तारीख प्रवास संपला की ठरते, काका."

घरी येताना मला भीती वाटायला लागली. मी काही अगदीच अडाणी नवरा नाही, चहा मला करता येतो. पण मी नेहमी दोन कप चहा करतो. एक कप चहाला पाणी किती घ्यायचं, हे मला ठाऊक नाही आणि ते शिकायची माझी इच्छा नाही.

घरात पाऊल टाकलं तर बेडरूमचं दार भिंतीत बुजलं होतं. बाहेरची खोली एका खुर्चीपुरती उरली होती. खुर्चीवर माझा सदरा इस्त्री होऊन आला होता. मी घाईघाईने त्यात तांदूळ, सुपारी बांधली आणि पॅसेजमधून चालत सुटलो. बरंच चालल्यावर वहिनींचं दार आलं. दार आता लोखंडी होतं. वहिनींनी गाठोडं घेतलं, कुंदाच्या गाठोड्याशेजारी ठेवलं, आणि जमीन कलली. माझं गाठोडं घरंगळत पायाशी आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आलं.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

परतलो तेव्हा कुंदाने केस विंचरून अंबाडा घातला होता आणि दाराची चौकट धरून ती स्वतःला आत थांबवत होती.

"सांगितलं का त्या मुलीने काही?"

"एकटीलाच जावं लागेल तुला."

"मला ते पाणी बघायचंय हो. खूप बघायचंय. पण तुम्ही शेजारी उभे राहून 'हा कठडा मजबूत आहे का' असं कुणाला तरी विचारत असाल, असं धरून चालले होते मी."

"मीपण."

"तोंड असं करू नका. दही द्या हातावर."

निघणाऱ्याच्या हातावर दही देतात. ते चाटून माणूस बाहेर पडतो. आजवर ते कुंदाने मला दिलं होतं, माझ्या प्रत्येक लहानसहान प्रवासाला. मी फ्रीजमधून दह्याची वाटी काढली आणि चमचाभर दही तिच्या तळहातावर घातलं.

तिचा हात खाली गेला. हातामागून ती आली, आणि तिची पावलं फरशीला टेकली. आवाज झाला. अनामत ठेवल्यापासून घरात तो आवाज नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"अगोबाई," कुंदा म्हणाली.

दही चाटायला दिलेलं होतं, सोबत न्यायला ठेवलेलं किंवा बांधलेलं नव्हतं. ते सामान नव्हतं, आणि ती चाटत नाही तोवर ते प्रवाशाच्या पोटातही गेलेलं नव्हतं. ते कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी सगळे नियम मनात पुन्हा एकदा म्हणून बघितले.

पॅसेजच्या टोकाला भोंगा वाजला. उंबऱ्याखालून पाणी आत आलं आणि तिच्या बोटांना लागलं. तिने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दह्याचा हात तिने सपाट धरला होता, आणि ती तो तोंडाकडे नेत नव्हती.

"एवढंच देतात हो," ती हळूच म्हणाली.

मी दुसरा चमचा भरला.