चाळीस दिवसांचं धावणं

माझी बायको पॉलिन धावत आली आणि गेटला धरूनच उभी राहिली. आत यायचं सोडून लोखंडी दांड्यावर कपाळ टेकवून श्वास घेत होती. मी ओट्यावर बसलो होतो, पाय समोरच्या खुर्चीवर. खाली सोडले की दुपारपर्यंत ते सुजून भोपळे होतात.

"चक्कर आली काय गं?"

"नाय. ऊन आलं डोळ्यांवर."

सकाळी साडेसहाला कसलं ऊन? सूर्य अजून समोरच्या केळीच्या वाडीमागे होता. पण मी वाद घातला नाही. ती आत गेली, वजनकाट्यावर उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अठ्ठ्याहत्तर."

"बरं चाललंय," मी म्हणालो.

त्या दिवसांत आमच्या घरात हे वाक्य प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा म्हटलं जायचं.

प्रकरण साधं होतं. माझं लिव्हर गेलं होतं. कसं गेलं ते आमच्या वटार गावात कुणाला विचारायची गरज नाही. वीस वर्षं टेम्पोतून केळी आणि भाजी दादरला पोचवली, आणि वीस वर्षं परत आल्यावर बसलो. आमच्याकडे लग्नाला ग्लास, बारशाला ग्लास, मयताहून आल्यावरही ग्लास, त्यामुळे मी वेगळं काही करतोय असं मला कधी वाटलंच नाही. दारू सोडून चौदा महिने झाले होते, पण लिव्हरला त्याचं काही कौतुक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता घरातल्याच कुणाचा तरी तुकडा लावावा लागेल, आणि पावसाळ्याच्या आत.

मुलगी ब्रिटनी सतरा वर्षांची, ती कायद्यात बसत नव्हती. धाकटा भाऊ स्टीवन रक्तगटात बसत होता, पण त्याच्या बायकोने, रिटाने, सरळ सांगितलं की आमची मुलं लहान आहेत. खोटं तरी काय होतं त्यात? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, फक्त इतकं सरळ नाही. राहिली पॉलिन. रक्तगट जुळला, सगळं जुळलं, पण तिच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. दिवसभर मशीनवर बसून झगे शिवणारी बाई. वजन चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले. दहा किलो उतरवा, लिव्हर साफ करा, मग मी सुरी हातात घेतो.

"धावू काय मी?" तिने विचारलं होतं. त्रेचाळीस वर्षांची बाई, शाळा सुटल्यापासून बस पकडायलासुद्धा कधी धावली नव्हती.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ निधी मॅडम, ब्रिटनीपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या असतील, त्यांनी तिला तासभर समोर बसवून समजावलं. "काकी, कमी खायचं आहे, उपाशी राहायचं नाहीये. धावायला निघायच्या अर्धा तास आधी एक केळं. तुमच्या वसईची सुकेळी, ती वाळवलेली केळी, मिळाली तर अर्धं पुरे. परत आल्यावर दोन अंडी. दुपारी मूठभर भात, डाळ, मासा, भरपूर भाजी. पोटात काही नसताना धावलात तर वजन उतरेल, पण चरबीच्या आधी ताकद जाईल. कळलं ना?"

"कळलं," पॉलिन म्हणाली. कागद घरी आणून फ्रिजवर लावला. तो मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपर्यंतचा आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू.

ती रोज पहाटे निघायची. वटारहून निर्मळच्या तळ्यापर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात गावाने बघून घेतलं. कुणी म्हणालं, म्हातारपणी मॅरेथॉनचं वेड लागलं. मग कारण कळलं आणि सगळे एकदम गंभीर झाले. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर बाया तिचा हात हातात घ्यायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याचा अर्थ न कळण्याइतका मी मूर्ख नाही. वजन मात्र उतरत होतं. निधी मॅडमनी आठवड्याला दीड किलो म्हटलं होतं, ही दोन-दोन उतरवत होती. स्वतःचेच झगे रात्री जेवणाआधी मशीनवर कमरेत आत घ्यायची आणि ब्रिटनी म्हणायची, "मम्मी, तू तर हिरॉइनच होणार."

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती सातपर्यंत आली नाही. मला स्कूटर चालवायची बंदी होती. तरी काढली आणि तिला शोधत निर्मळला गेलो. तळ्याच्या पायरीवर ती बसलेली दिसली. शेजारी फुलवाली टोपली घेऊन होती. पॉलिनने खिशातून केळं काढलं, फुलवालीला दिलं. मग रुमालात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडीही दिली. घरी येऊन खाते म्हणून सांगण्यापेक्षा वाटेतच खाल्ली म्हणून सांगणं सोपं, नाही का? त्या बाईने काही न विचारता घेतली, म्हणजे हे रोजचं होतं. नंतर पॉलिनने डोकं गुडघ्यांत घातलं आणि तशीच बसून राहिली.

मला एका क्षणात सगळं समजलं, दुपारचं ताट ती मशीनपाशी का नेते तेसुद्धा. तिच्या आईनेही असाच नवस केला होता, पॉलिनचा भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा. चाळीस दिवस, एकदाच जेवण, तेही संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर, अंडं नाही, मासा नाही, गोड नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. नवस बोलून दाखवला की तो देवाचा राहत नाही, लोकांचा होतो, असं तिची आई म्हणायची. भाऊ वाचला होता. आता त्याच हिशेबाने नवरा वाचणार होता.

मी पुढे जायला हवं होतं. दहा पावलं होती. तिला धरून उठवायला हवं होतं, त्या फुलवालीकडून अंडी परत घेऊन तिच्या तोंडात कोंबायला हवी होती. मी स्कूटर वळवली.

का वळवली ते सांगतो, निदान इथे तरी खोटं बोलत नाही. वजन उतरत होतं. निधी मॅडमच्या कागदापेक्षा लवकर उतरत होतं. आणि वर देवही बाजूने येणार असेल तर मी कशाला मधे पडू? मला जगायचं होतं. मरणाला टेकलेला माणूस फार थोर विचार करतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो आपल्यापुरतं बघतो.

त्यानंतर मी रोज विचारायचो, "खाल्लंस ना?" ती म्हणायची, "खाल्लं." आणि मी म्हणायचो, "बरं चाललंय."

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी आम्ही तपासणीला गेलो. वजन त्र्याहत्तर. सांगितलं होतं त्यापेक्षाही एक किलो कमी. वेटिंगमध्ये पॉलिन माझ्याकडे बघून हसली. गालांची हाडं वर आली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले. मग निधी मॅडमना बोलावून घेतलं.

"हिमोग्लोबिन साडेआठ," ते म्हणाले. "प्रोटीन खाली गेलेलं. लिव्हरची चरबी फारशी हललेली नाही, उलट लिव्हरला सूज दिसतेय. वजन उतरवलंत, पण शरीर खाऊन उतरवलंत. तुम्ही खाऊन धावत होता ना?"

पॉलिनने निधी मॅडमकडे बघितलं.

"काकी, कागदावर लिहून दिलं होतं मी," निधी मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, रडवेला होता. "केळं, अंडी, सगळं."

"उपास होता," पॉलिन म्हणाली. "नवस होता माझा."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटले. "अशा अवस्थेत मी तुम्हांला ऑपरेशनला घेणार नाही. एका घरातले दोन पेशंट मला नकोत. नीट खा, तीन महिन्यांनी परत बघू." तीन महिने, आणि ते मला पावसाळ्याच्या आत म्हणाले होते. मग ते माझ्याकडे वळले. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं.

"त्याला काय म्हाईत नव्हतं," पॉलिन म्हणाली. "मी लपवून करत होते."

आणि मी तोंड मिटलं.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. अर्नाळ्याच्या बाजूने वारा येत होता, गरम. वाडीचं वळण आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या स्कूटरचा आवाज मला कळतो, ॲन्सेल्म. एवढी वर्षं ऐकतेय."

मला वाटलं रिक्षा थांबवावी. थांबवून काय केलं असतं, ते माहीत नाही.

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"तू येशील म्हणून बसले होते," ती म्हणाली. "तू येऊन सोडायला सांगितलं असतंस ना, तर सोडला असता उपास. देवाला सांगितलं असतं, नवऱ्याने सोडायला लावला." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "इथे डावीकडे घ्या, भाऊ."

त्या रात्री तिने भात खाल्ला, मासा खाल्ला. जेवण पोटात ठरलं नाही. ब्रिटनी तिची पाठ चोळत होती आणि मी दारात उभा होतो. उपास सोडायलासुद्धा शिकावं लागतं, ते आम्हांला कुणी लिहून दिलं नव्हतं.

ईस्टरला आम्ही चर्चला गेलो. न जाऊन कुणाला तोंड लपवणार? मला आता मिस्साभर उभं राहता येत नाही, मी मागच्या बाकावर बसतो. मिस्सा संपल्यावर मी आवारातल्या बाकावर येऊन टेकलो. नवे झगे, नवे शर्ट, एकमेकांना "हॅपी ईस्टर" चाललं होतं. आमच्या ऑपरेशनचं फिसकटलं हे अजून गावात फुटलं नव्हतं. स्टीवनला सांगितलं होतं, त्याने घरी सांगितलं नसावं.

पॉलिनने निळा झगा घातला होता, कमरेत चार बोटं आत घेतलेला. रिटा आणि तिच्याबरोबरच्या दोघी-तिघी तिच्याभोवती जमल्या.

"ताई, किती मस्त बारीक झालात ओ," रिटा म्हणाली. मनापासून म्हणाली, त्यात काही कपट नव्हतं. "दहा वर्षांनी लहान दिसताय. आम्हांला पण सांगा ना कसं केलंत. मी पण धावणार आहे आता, डिसेंबरच्या मॅरेथॉनला."

मी बाकावरून उठायचा प्रयत्न केला. पॉलिनला तिथून काढून घरी न्यावं असं वाटलं. पाय ऐकेनात.

पॉलिनने रिटाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात कडवटपणा नव्हता. निधी मॅडम बोलल्या होत्या तशीच ती समजावून सांगत होती, एकेक शब्द नीट.

"घाई करू नको. महिन्याला एक किलो गेला तरी पुष्कळ. भूक लागली तर खायचं, पाय थरथरले तर थांबायचं. डिसेंबर लांब आहे. तुझ्याकडे वेळ आहे."

रिटाने मान डोलावली आणि मोबाइल काढून ते लिहून घेऊ लागली.