कोपऱ्याचा भाव

त्यांना सगळे दरवाले म्हणत. खुद्द त्यांची बायको चारचौघांत तसंच म्हणायची, मग बाकीच्यांना काय बोल लावायचा! काम साधं आणि भयंकर कंटाळवाणं. अख्ख्या मुलखातल्या शेतजमिनींचे सरकारी दर वर्षातून एकदा ठरवायचे, एवढंच. कचेरीच्या भिंतीवर मुलखाचा नकाशा होता, पट्ट्यापट्ट्यांत वाटलेला. स्वस्त पट्टे फिके पिवळे, महाग पट्टे तांबडे. दरवाले नोकरीला लागले तेव्हा सगळा नकाशा पिवळाधमक होता आणि शहराभोवती तेवढा एक तांबडा डाग. मग मोठा रस्ता झाला आणि डाग रस्त्याच्या कडेकडेने सरकत निघाला. कालवा आला, तसे आणखी काही पट्टे रंगले. पुढे कालवा आटला, पण रंग काही उतरला नाही.

आता गंमत बघा. ज्या जमिनीत धड गवत उगवत नाही तिचा भाव आभाळाला भिडलेला, आणि जिथं पीक डोक्याएवढं उभं राहतं ती मेली पिवळीच. लोक विचारायचे, हा कुठला न्याय? दरवाले म्हणायचे, "मी भाव ठरवत नाही हो, झालेला भाव लिहून घेतो." हे बोलून बोलून त्यांचं तोंड दुखायला लागलं होतं. खरं तर त्यांना या कामाचाच वीट आला होता, पण निवृत्तीला अजून अवकाश होता आणि घरी बसून करणार तरी काय?

पद्धत अशी होती. गेल्या तीन वर्षांत एखाद्या पट्ट्यात ज्या विक्र्या झाल्या, त्यांचे भाव ओळीने मांडायचे. मधला भाव तो त्या पट्ट्याचा दर. घरच्या घरात झालेले व्यवहार धरायचे नाहीत, कारण भावंडं एकमेकांना स्वस्तात देतात. निदान सरकारचा तसा गोड समज आहे. आणि पट्ट्यात एकच विक्री झाली असेल तर? तर तीच धरायची. बिचाऱ्या पट्ट्याला दुसरं आहे कोण?

त्या दिवशी सकाळी दरवाल्यांनी आपल्याच गावचा पट्टा पुढे ओढला. वर्षानुवर्षं तिथं काही हललं नव्हतं, म्हणून हा पट्टा ते दरवेळी चहा पिता पिता उरकून टाकत. यंदा एक विक्री होती. एकच. त्यांनी भाव बघितला आणि आधी वाटलं, कारकुनाने एक शून्य जास्त मारलंय. मग विकणाऱ्याचं नाव वाचलं. नाव त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं. चहा तसाच राहिला.

इथं घरचं थोडं सांगायला हवं. वडिलांच्या मागे जमिनीचे तीन वाटे झाले होते: दरवाल्यांचा, बहिणीचा आणि धाकट्या भावाचा. तिन्ही वाटे कसायची ती बहीणच. दरवाल्यांनी आपला वाटा कधीच तिला देऊन टाकला होता, त्या वेळच्या सरकारी दराने. तेव्हा त्यांनीच रीत घालून दिली होती की आपल्यात घासाघीस नको, सरकारी दर तो आपला दर, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. आता धाकट्याला शहरात घर घ्यायचं होतं. पोरांसकट दोन खोल्यांत कोंडून तोही पिचला होता. तो बहिणीला म्हणाला, माझा वाटा दादाच्या रीतीनेच तुला देतो, यंदाचा नवा दर लागू दे. त्यात वावगं काही नव्हतं. फक्त विहीर त्याच्या वाट्यात होती. तो वाटा परक्याच्या हाती गेला की बहिणीचे दोन्ही वाटे कोरडे ठणठणीत.

दुपारी बहीणच कचेरीत हजर झाली. घामेजलेली, पण चेहरा असा खुललेला की शिपायानेही वळून बघितलं.

"दादा, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं," ती बसता बसता म्हणाली. "सांगितलं असतं तर तू शंका काढत बसला असतास. तो रस्त्याकडचा कोपरा आहे ना, दगडांचा? विकला. शहरातल्या एका डॉक्टरला सुट्टीचं घर बांधायचंय. त्याला असा पिळला, असा पिळला, की विचारू नकोस. धाकट्याचा वाटा घ्यायला जेवढे पैसे कमी पडत होते तेवढे आले बघ. आता तुझा दर लागला की विहीर आपली."

दरवाल्यांना गलबलून आलं. लहानपणी हीच पोरगी बोरांच्या वाटणीत दोघा भावांना गंडवायची. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि शक्य तितक्या हळू आवाजात समजावून सांगितलं. पट्ट्यात तीन वर्षांत दुसरी विक्री नाही. म्हणजे तिच्या कोपऱ्याचा भाव तोच आता सगळ्या पट्ट्याचा दर. धाकट्याच्या वाट्यालाही तोच.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पण तो कोपरा आहे," ती म्हणाली. "रस्त्याकडचा. तिथं घर होणार आहे. विहिरीकडची जमीन आणि तो कोपरा एक कसे होतील? तू बघितलंयस की रे सगळं, तिथंच वाढलास."

"कागदाला शेतजमीन एवढंच कळतं गं."

"मग कागदाला तू सांग. तुला काहीतरी लिहिता येत असेलच."

लिहिता येत होतं, हीच तर पंचाईत होती. शेवटच्या रकान्यात शेरा मारायची सोय होती: भाव विश्वासार्ह नाही, धरू नये. दोन ओळी आणि खाली सही, की जुना दर कायम, पट्टा पिवळाच्या पिवळा. पण भाव अगदी खरा होता, डॉक्टरने रोख मोजला होता. गेल्या वर्षी याच शेऱ्यासाठी एक म्हातारा त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता आणि त्यांनी त्याला नुसता चहा पाजून परत पाठवलं होतं. शिवाय तिकडे दोन खोल्यांत धाकटा दराची वाट बघत बसलेला. तोही काही सावत्र नव्हता. कुणाचंही बघायला गेलं तरी दुसऱ्याचा गळा कापायचा. दरवाल्यांना आपल्या खुर्चीची, पेनाची, त्या नकाशाची अशी शिसारी आली की उठून सरळ घरी जावंसं वाटलं.

"नाही लिहिता यायचं," ते म्हणाले.

"यायचं नाही, की लिहायचं नाही?"

"लिहायचं नाही."

दरवाले वाट बघत होते की ती आता चिडेल, पोटभर बोलून घेईल. त्यांना ते हवंच होतं. पण तिने पदराने मान पुसली, ती उठली आणि नकाशापुढे जाऊन उभी राहिली. आपला पट्टा तिला चटकन सापडेना, तो दरवाल्यांनी बोटाने दाखवला.

"हा आता तांबडा करणार?"

"हो."

"धाकट्याला एवढे द्यायला माझ्याकडे नाहीत. त्याला थांब म्हणायलाही तोंड नाही मला." ती थोडी थांबली. "बरं, नव्या दराने माझ्या दोन वाट्यांचे किती होतात?"

दरवाल्यांनी आकडा सांगितला. आईवडिलांनी मिळून आयुष्यभरात एवढा पैसा बघितला नव्हता.

"बाप रे," ती म्हणाली, आणि तिला खरंच हसू आलं. "म्हणजे श्रीमंतच झाले की मी. दोन्ही वाटे विकले तर विहीर घेता येईल मला?"

"येईल. वर पैसे उरतील."

"आणि पाणी कशाला पाजू रे, दादा?"

दरवाल्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. शेवटची गाडी निघून जाईल म्हणून ती तशीच निघाली, आणि दरवाले तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.