जीभ बाहेर असलेला रोल

कॉलेजात तिचं नाव घाई. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. डिजिटलच्या वर्गात एका फुलदाणीचे चारशे फोटो काढून त्यातले तीनशे नव्व्याण्णव पुसून ती मोकळी व्हायची. फिल्मच्या वर्गात मात्र छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा म्हटलं की तिचं बोट बटणावरच अडायचं. फिल्म शिकवणारे सर म्हणायचे, "अंगठ्यानं पुसता येतंय तोवर सगळेच शहाणे असतात."

सरांनी आपले नियम डार्करूमच्या दारावर लिहून ठेवले होते. पहिलाच नियम जिभेचा. रोलच्या डबीतून फिल्मचं जे टोक बाहेर डोकावतं, ती जीभ. जीभ बाहेर, तर रोल कोरा. जीभ आत, तर फोटो काढलेला. फोटो संपले की रोल पुरता गुंडाळायचा, जीभ आत जाऊ द्यायची, म्हणजे घोटाळा होत नाही. घाईनं आयुष्यात फारसं काही पाठ केलं नव्हतं, हे एक केलं आणि तेच तिला नडलं.

परीक्षेचा विषय होता 'घरातलं एक माणूस'. एकच रोल, निगेटिव्ह न कापता अख्खी द्यायची, शुक्रवारी अकराच्या आत. हा पेपर गेला की वर्ष गेलं. पहिला रोल घाईबाईसाहेबांनी फोटो संपायच्या आधीच कॅमेऱ्याचं झाकण उघडून उजेडाला दान केला. दुकानात रोल संपले होते, नवे यायला महिना होता. अशात घरी कपाटाच्या खालच्या खणात, दोऱ्यांच्या डब्यामागं, एक जुना रोल सापडला. मुदत कधीच संपलेली, पण जीभ बाहेर. जुन्या फिल्मला जरा जास्त उजेड द्यायचा एवढं तिला ठाऊक होतं. आंधळा मागतो एक डोळा, अशी तिची गत झाली.

घरात माणूसही एकच होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन आठवडे ती त्यांच्या मागं मागं हिंडली, कधी लिफ्टच्या छतावर, कधी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये. कॅमेऱ्याचा आवाज झाला की बाबा पोट आत घ्यायचे. छत्तीस फोटो झाले, रोल धुणं तेवढं शुक्रवारवर ठेवलं. आपण कशासमोर पोट आत घेतोय, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बाबा तो खण उपसत बसलेले तिला दिसले. शोधत होते फ्यूजची तार, पण तार केव्हाच सापडून बाजूला पडली होती.

"इथं एक डबी होती," ते म्हणाले. "काळी. फिल्मची."

"ती मी वापरली, बाबा. तुमचेच फोटो काढले त्याच्यावर."

दोऱ्यांचा डबा बाबांनी जागेवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"ती आईची होती," ते म्हणाले. "तिनं काढलेली. बावीस तुझे आहेत, तुझा पुढचा दात पडला होता तेव्हाचे. तेविसावा मी काढलाय, तिचा. आजारात तिनं कुणाला फोटो काढू दिला नाही. डोक्याला रुमाल बांधलेला असायचा ना. एकदाच दिला."

"जीभ बाहेर होती," घाई म्हणाली. तिची स्वतःची टाळ्याला चिकटली होती.

"मीच ठेवली बाहेर. स्टुडिओवाला सांगायचा, थोडी बाहेर ठेवत जा, मला डबी फोडावी लागत नाही. मग धुवायला टाकू, टाकू म्हणता राहिलं. आणि ती गेल्यावर धीरच झाला नाही."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. घाईला रडू आलं ते स्वतःच्या रागानं. बाबा तिला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं. त्यांनी कामावर फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि चपला घातल्या. "चल," म्हणाले. "आता काय उरलंय ते मला बघू दे."

डार्करूमच्या दारात सरांनी सगळं ऐकून घेतलं. चूक घाईनं केलेली, पण घाईतली नव्हे, हे पहिल्यांदाच झालं होतं, त्यामुळं टोमणा त्यांनी गिळला.

"एकावर एक फोटो पडलेत," ते म्हणाले. "तुझ्या फोटोत जिथं उजेड असेल तिथं जुनं बुडालं. जिथं अंधार असेल तिथं वाचलं असेल तर असेल. तेविसाव्यात तू काय काढलंयस?"

घाईनं नोंदवही उघडली. तेवीस: मशीनरूम, बाबा पाठमोरे, समोर पांढरी भिंत, दिवा चालू. पांढरी भिंत हे शब्द तिनं दोनदा वाचले आणि वही मिटली.

"डेव्हलपरमध्ये सात मिनिटं ठेव," सर हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे तुझे फोटो नीट येतील आणि पेपर निघेल. जुनं नऊ वर्षांत विरत आलेलं असणार. ते ओढून काढायचं तर बारा मिनिटं हवीत, आणि बारा मिनिटांत तुझे काळे पडतील. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही. आणि बाराचीसुद्धा खात्री नाही."

बाबा तेव्हा दारावरचे नियम वाचत होते. पहिला नियम वाचून झाला तरी ते दुसऱ्याकडे वळले नाहीत.

दार लावून दिवा बंद केला. त्या मिट्ट काळोखात फिल्म चाकावर चढवायची होती. एकदा फिल्म सुटली, दुसऱ्यांदा वाकली.

"सावकाश," बाबांचा आवाज आला. आयुष्य त्यांनी लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यांत काढलं होतं, त्यांना अंधाराचं काही नव्हतं. "बोटांना कळू दे. डोळे उघडे ठेवून उपयोग नाही इथं."

तिसऱ्यांदा चढली. चाक डब्याएवढ्या टाकीत गेलं, झाकण लागलं, दिवा लावला. घाईनं डेव्हलपर ओतला आणि भिंतीवरचं घड्याळ सुरू केलं. टाकी उलटी करायची, सरळ करायची, ओट्यावर टेकवायची. दर मिनिटाला तेच. तीन झाली, चार झाली. दोघंही घड्याळाकडं बघत होते, एकमेकांकडं नाही.

"सात झाली," बाबा म्हणाले.

घाईनं टाकी हातात धरली होती, मोरीवर. ओतली नाही.

"मी मघाशी ऐकलंय सगळं. ओत."

"बाबा, थांबा."

"थांबायचं काय त्यात? तुझं वर्ष जाईल. आई गेली ती गेली. ओत म्हणतो ना."

त्यांनी टाकीला हात घातला. घाईनं पाठ फिरवली, टाकी पोटाशी धरली आणि पुन्हा उलटी केली, सरळ केली. आठ. बाबा तिच्या नावानं एकदा ओरडले, त्या हजेरीपटावरच्या नावानं, आणि मग हात मागं घेतला. नऊ, दहा. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कसलीही घाई नव्हती. अकराला तिला वाटलं आपण मूर्ख आहोत, पांढऱ्या भिंतीवर जन्म काढला तरी काही उगवणार नाही. तरी तिनं बारा होऊ दिली, मग डेव्हलपर ओतून दिला आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर टाकीत भरला. तो आंबट वास खोलीभर झाला तरी दोघं तिथंच उभे होते.

फिल्म उघडली तर तव्याच्या बुडासारखी काळी. लिफ्टचं छत, बाबांचं आत घेतलेलं पोट, पडलेला दात, सगळ्याचा एकच काला झाला होता. सरांनी ओली पट्टी उजेडावर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"पेपर गेला," ते म्हणाले. "मी यात काही करू शकत नाही."

"हो, सर."

मग त्यांनी तेविसाव्यापाशी भिंग धरलं, बराच वेळ धरलं, आणि बाबांच्या हातात दिलं.

भिंत गेली होती, दाट काळी. तिच्या मधोमध बाबांचा आकार मात्र स्वच्छ होता, कारण त्या दिवशी कामाचा गडद निळा डगला त्यांच्या अंगात होता, आणि गडद रंगानं उजेड आत येऊ दिला नव्हता.

"ही तर माझी पाठ," बाबा म्हणाले.

"पाठीवर बघा," सर म्हणाले.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, पांढरा रुमाल काळा, हसणारे दात काळे. कुणाही परक्याला ते माणूस वाटलं नसतं. बाबांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"हात वर केलाय," ते म्हणाले. "पुरे म्हणतेय. काढू नका आता, पुरे." त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "एवढी वर्षं मला वाटायचं, ही खणात आहे."

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि दारापाशी गेले. पहिल्या नियमाखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: जीभ बाहेर असली तरी घरी विचारावं.

"आता ही पुसली जाणार नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही. पक्की झाली," घाई म्हणाली. "पण अजून वाहत्या पाण्यात धुवायचीय. वीस मिनिटं."

बाबांनी घड्याळ पाहिलं, बाह्या वर केल्या आणि नळाखाली पट्टी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. वीस मिनिटं झाल्यावर तिनं सांगितलं, तरी ते हलले नाहीत.