विदोदारी

"मावशी, रक्त," प्रतिवी म्हणाली. ओरडली नाही, नुसतं सांगितलं.

वार्सियाने वस्तरा झटकन मागे घेतला. नवरीच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे, मोहरीएवढा लाल थेंब फुलला होता. उद्या त्या जागी काळी नक्षी रेखायची, म्हणून आज तिथली बारीक लव काढायची असते. वार्सियाने आजवर शेकडो कपाळांवरची लव काढली होती. पण असा थेंब कधी आला नव्हता.

"अगं बाई! उद्या लग्न, आणि आज रक्त?" जाकार्ताहून आलेली लास्त्रीमावशी तोंडावर हात ठेवून म्हणाली.

"वस्तरा नवा आहे. जरा जास्तच धार आहे," वार्सिया म्हणाली.

वस्तरा जुनाच होता. खरं म्हणजे तिचा उजवा हात थरथरत होता. पावसाळा संपल्यापासून हे सुरू झालं होतं. आधी नुसता अंगठा, मग सगळा पंजा. हवा पालटली की जाईल, असं ती स्वतःलाच सांगत राहिली होती. तुरटी लावून तिने रक्त थांबवलं, उरलेली लव डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढली, आणि मागच्या न्हाणीघराजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी स्वर्गातल्या अप्सरा, विदोदारी, खाली उतरतात आणि नवरीला आपलं रूप देऊन जातात, असं जावातल्या क्लातेनकडची माणसं मानतात. म्हणून नवरी खोलीत बसून जागी राहते. नवऱ्याकडचे लोक भेटी घेऊन ओसरीवर येतात, पण नवऱ्याला तिचं तोंड दिसत नाही. प्रतिवी साध्या वेषात, चेहऱ्याला फिकी पावडर लावून चटईवर बसली होती. नारळाच्या दुधात शिजलेल्या भाताचा वास आत येत होता.

"विदोदारी यायच्या म्हणून खिडकी उघडी ठेवायची, आणि येतात ते डास!" लास्त्री म्हणाली. बायका हसल्या. "आमच्या ऑफिससमोर विदोदारी नावाचं पार्लर आहे. भुवया कोरायला ही रांग!"

दारातून जाता जाता प्रतिवीचे मोठे काका थबकले. ते नुकतेच हज करून आले होते. "असलं काही बोलू नये. विदोदारी जन्नतमध्ये असतात, पुण्यवान पुरुषांसाठी. त्या क्लातेनला कशाला येतील?"

"आणि पुण्यवान बायकांसाठी तिथे कोण असतं हो, भावजी?" लास्त्रीने विचारलं. काकांना ओसरीवर एकदम काहीतरी काम आठवलं.

हसणं ओसरल्यावर प्रतिवी हळूच म्हणाली, "वार्सियामावशी, तुम्ही इतक्या नवरीमुलींजवळ बसलात. कधी दिसली का हो एखादी?"

"दिसायचं काय त्यात? आजी म्हणायची, त्या नुसत्या हवेच्या असतात. त्यांना तोंड नसतं. उकडत असताना मानेला गार लागलं, की समजायचं, आल्या."

"आजीचं बरोबर होतं." प्रतिवीचे वडील, हार्जोनो सर, चहाच्या ग्लासांचं तबक घेऊन आत आले होते. जन्मभर त्यांनी कॉलेजात जुन्या पोथ्या शिकवल्या होत्या; बोलायला निमित्त मिळालं की ते थांबत नसत. "शब्द समुद्रापलीकडून आला. विद्याधरी. विद्या धारण करणारी. मंत्र जाणणारे, हवेतून फिरणारे जीव होते ते. कवींनी त्यांना सुंदर केलं, मग त्या स्वर्गातल्या नाचणाऱ्या झाल्या. धर्म बदलला तशा जन्नतमध्ये गेल्या. आता पार्लरात आल्यात."

"म्हणजे मुळात सुंदर असायची गरज नव्हती?" वार्सियाने विचारलं.

"मुळीच नाही. जाणती असली की झालं."

"मग मलाही चालेल की!" लास्त्री म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. वार्सिया मात्र हसली नाही. या शब्दाशी तिचा हिशेब वेगळा होता.

एकोणीसशे पासष्टच्या नोव्हेंबरात ती अठरा वर्षांची होती आणि अशीच चटईवर बसली होती. तिची आजी गावातल्या नवरीमुलींची कपाळं रेखायची. नातीच्या कपाळावरची लवही तिनेच काढली होती. नवरा मुलगा, सुगेंग, शाळेत शिक्षक होता. त्याच्या घरचे तिन्हीसांजेला येणार होते. ते आलेच नाहीत. ओसरीवरच्या लोकांचा आवाज हळूहळू खाली गेला, मग चपला पायांत सरकवल्याचे आवाज आले, मग तेही थांबले. दुपारी लष्कराचा ट्रक आला होता आणि कम्युनिस्ट म्हणून सुगेंगसकट शाळेतल्या तिघांना घेऊन गेला होता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. कुठे नेलं ते कधीच कळलं नाही. विचारायचीही सोय नव्हती.

नंतर गावात तिला विदोदारी म्हणू लागले. विहिरीवर, पाठीमागून. ना जमिनीवरची, ना आभाळातली, मधेच लटकलेली. कोणी तिला मागणी घातली नाही. आजीने तिला आपली विद्या शिकवली, पण पहिली कितीतरी वर्षं कोणी तिला आपल्या मुलीच्या कपाळाला हात लावू देईना. मग एका गरीब घराने दुसरं कोणी मिळेना म्हणून बोलावलं. त्या मुलीचा संसार चांगला झाला, तिच्या बहिणीचाही झाला, आणि गावाचं बोलणं फिरलं. त्या संध्याकाळी विदोदारी उतरल्या त्या वार्सियाकडेच राहिल्या, असं लोक म्हणू लागले. तिचा हात लागला की लग्न टिकतं. शब्द तोच. ज्या बायका तो थुंकल्यासारखा उच्चारायच्या, त्याच आता तिच्या दारात बसून तारखा मागायच्या. ती तारखा देई, लग्नाच्या दिवशी उपास करी, नवरी सजवून देई आणि रिकाम्या घरी परत येई.

चहा तसाच ठेवून ती उठली. सर ओसरीच्या टोकाला एकटे उभे होते.

"सर, उद्या माझ्याने रेघ ओढवणार नाही. हात गेलाय. सकाळी वस्तऱ्यावर ढकललं, ते खोटं होतं."

सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "मग कसं करायचं?"

"तुमचा फोन द्या. नुरहायातीला बोलावते."

नुरहायातीचं सोलो शहरात पार्लर होतं. दहा वर्षांपूर्वी ती शिकायला आली होती, तेव्हा वार्सियाने तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं.

"कोण? वार्सियामावशी? खरंच तुम्ही?" फोनवर नुरहायातीचा विश्वास बसेना. "मला वाटलं होतं, माझं नावही घेत नाही तुम्ही."

"नव्हते घेत. आता घेतेय. उजाडताना येशील का? उपाशीपोटी ये."

नुरहायाती पहाटे आली. तिने पेटीतून प्लास्टिकची पट्टी काढली. कपाळावरच्या नक्षीतल्या कमानींचे आकार त्यात आधीच कापलेले होते.

"ती ठेव आत," वार्सिया म्हणाली. "बोटं लाव."

"पट्टीने बरोबर येतं, मावशी. सगळे तेच वापरतात."

"पट्टीला हिचं कपाळ माहीत नाही. भुवयांच्या मधून वर तीन बोटं. तुझी नाहीत, हिची. हिचाच हात धर. हं. आता मधली कमान. खाली निमुळती होऊ दे, पण टोचल्यासारखी नको. श्वास सोडताना ओढ."

वार्सिया पाठीमागे उभी राहून बोलत गेली. जे कधी शब्दांत सांगावं लागलं नव्हतं, ते सगळं सापडत गेलं. कानाजवळच्या कमानीशी नुरहायाती अडली, तेव्हा वार्सियाचा हात आपोआप पुढे गेला. हवेत थरथरला. नुरहायातीने तो पाहिला आणि मान वाकवून विचारलं, "इथून वळवू?"

"तिथूनच."

कालचा ओरखडा काळ्या रंगाखाली गेला. प्रतिवीने आरसा हातात घेतला आणि तोंड इकडेतिकडे वळवून पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, ही मीच का?"

"तूच. हलू नको, ओलं आहे अजून."

मांडवात नवरीच्या मागे उभं राहून मोगऱ्याच्या माळा सावरायचं काम नुरहायातीने घेतलं. वार्सियाला करायला काही उरलं नाही. ती घरी निघाली होती, पण सरांनी हाताला धरून तिला पाहुण्यांच्या रांगेत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. इतक्या लग्नांत ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. मांडवात बसलेली नवरी समोरून कशी दिसते, हेही तिने आजवर नीट पाहिलं नव्हतं.

शेजारी नवऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. गावातलं कोणी नव्हतं. तिला ओळखत नव्हते.

"मुलगी छान दिसते हो," ते म्हणाले. "तुम्ही कोणाकडच्या?"



"मुलीकडची," ती म्हणाली.

"असं होय! मग अशा कडेला का टेकलाय, उठून पळायचं असल्यासारख्या? नीट बसा की."

ती मागे सरकली. खुर्चीला पाठ टेकवली, आणि गामेलान वाद्यांची घुमती लय सुरू झाली तशी इतर पाहुण्यांसारखीच मान उंचावून नवरीकडे पाहू लागली.