दहा परस

आमच्या घरात खोटं बोलायला बंदी, आणि आता खरं सांगायलाही बंदी. मग माणसाने करावं तरी काय?

श्रावणात आमच्या ह्यांना, म्हणजे मोहिनीच्या आबांना, लकवा मारला. धुळ्याला आठ दिवस ठेवलं. उजवा हात गेला, जीभ जड झाली, हट्ट मात्र जागेवर. घरी आल्या आल्या मला शपथ घातली, “पोरीले सांगू नको. तिनी मीटिंग शे.”

मोहिनी आमची एकुलती. दिल्लीत भूजलाची शास्त्रज्ञ. नव्या बोअरला परवानगी द्यावी का, किती द्यावी, हे सरकारला सांगणाऱ्या समितीत बसते. दोन वर्षं झाली, पिंपळनेरच्या स्टँडवर तिची बॅग उतरली नाही. मी एकदा चिडून विचारलं होतं, एवढी शिकलीस, तर सरकार तुझं ऐकतं तरी का? म्हणाली, कधी ऐकतं, कधी नाही, परदेशातही असंच असतं. आपण खरं ते सांगायचं, ठरवायचं त्यांनी.

पाण्याची पातळी बघायच्या विहिरींच्या तिच्या यादीत आमची विहीरही आहे. तीस वर्षं दर अमावास्येला आबा नाड्याला दगड बांधून विहिरीत सोडायचे. दगड पाण्याला लागला की नाडा वर ओढून परसात मोजायचे आणि वहीत लिहायचे. दोन्ही हात पसरले की एक परस. मोहिनीने टेप आणून दिला, तो खुंटीवर लटकतोय. शेवटी तिनेच हात टेकले, बापाचे हात मोजून घेतले आणि परसाचे मीटर करायला लागली. एवढी जुनी वही दुसऱ्या कुणाकडे नव्हती ना.

अमावास्या आली. आबा म्हणाले, तू मोज. मागच्या खेपेला नऊ परस होतं, माझ्या हातांनी दहा भरलं. मी पाच फुटांचीही नाही, ह्यांनी हात पसरले तर दार अडायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. टेपही समोर दिसत होता. तरी मी फोनवर दहा कळवलं. पोरीवाचून घर खायला उठलं होतं, आणि शपथ फक्त तोंडाची होती, आकड्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. गुरुवारी समितीपुढे आकडे मांडायचे होते. पाऊस चांगला झाला, तरी पाणी परसभर खाली कसं गेलं, तिने विचारलं. मग हळूच म्हणाली, “माय, हात कोना व्हतात?”

“मना,” हात माझेच होते हे मी कबूल केलं, आणि रडू आवरेना.

गुरुवारी तिने आमचा आकडा भरवशाचा नाही असं स्वतः सांगून बाजूला काढला, बाकीचे मांडले. शनिवारी दारात उभी. आबा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते आणि त्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी तिने त्यांना विहिरीजवळ खाटेवर बसवलं. नाड्याचं टोक त्यांच्या छातीच्या मधोमध धरलं आणि डावा हात लांब करायला लावला.

“आबा, हाऊ आर्धा परस. दुप्पट करसू.”

साडेआठ भरलं. पाणी खरं तर वर आलं होतं.

चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी गेली. आबा अजून कुरकुरतात, तू पोरीला फसवलंस म्हणून. मी म्हणते, मी मोजलं तेच सांगितलं, यायचं तिने ठरवलं. आता दर अमावास्येला मी टोक छातीशी धरते, ते डावा हात पसरतात, दोघं मिळून मोजतो. आकडा अगदी बरोबर जातो. म्हणून कुणी बघायला येत नाही.